घराचा हप्ता, जुनी देणी आणि निवृत्तीची पुंजी : आधी काय?

एका पिढीपूर्वीच्या मराठी मध्यमवर्गीयाच्या आयुष्यात घर, कर्ज आणि निवृत्ती यांचा क्रम ठरलेला असे. उमेदीची वर्षे चाळीत, भाड्याच्या जागेत किंवा सरकारी वसाहतीत काढायची आणि निवृत्त होताना हाती येणारा भविष्य निर्वाह निधी व ग्रॅच्युइटी यांतून स्वतःची जागा घ्यायची, हा तो क्रम. सरकारी वा निमसरकारी नोकरदाराच्या पाठीशी निवृत्तिवेतनही असे. १९७७ मध्ये एचडीएफसीची स्थापना झाल्यानंतर नोकरदाराला गृहकर्ज मिळू लागले. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीपासून बँकाही या व्यवसायात जोमाने उतरल्या आणि जुना क्रम उलटला. घर तिशीत-पस्तिशीत होऊ लागले, पण त्याची किंमत वीस-पंचवीस वर्षे दरमहा चुकवावी लागू लागली.

याच काळात निवृत्तिवेतनाचा आधारही कमी झाला. केंद्र सरकारने १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्र शासनाने १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत येणाऱ्यांसाठी जुनी निवृत्तिवेतन योजना बंद केली. खासगी नोकरदाराला कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून मिळणारी रक्कम तर नाममात्र आहे. या योजनेत वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून सत्तरने भागतात आणि हे वेतन २०१४ मध्ये ठरलेल्या १५,००० रुपयांच्या मर्यादेतच धरले जाते. वाढीव वेतनावरील निवृत्तिवेतनाचा पर्याय न घेतलेल्या कर्मचाऱ्याला, तीस वर्षे सेवा आणि वर दोन वर्षांची सवलत धरूनही, महिन्याला सात हजारांच्या आतच रक्कम मिळते. त्यामुळे आजच्या चाळिशीतील नोकरदारापुढे तीन कामे एकाच वेळी उभी आहेत : घराचे हप्ते फेडणे, इतर देणी निस्तरणे आणि म्हातारपणाची तरतूद करणे. पगार मात्र एकच आहे. त्यातील पहिला रुपया कोठे जावा, हा खरा प्रश्न आहे.

सगळी कर्जे सारखी नसतात

कर्ज म्हटले की डोळ्यांपुढे सर्वांत मोठा आकडा येतो. चाळीस लाखांचे गृहकर्ज झोप उडवते आणि कार्डावरील सव्वा लाखाची थकबाकी किरकोळ वाटते. वास्तविक कर्जाचे ओझे त्याच्या आकारापेक्षा व्याजदरावरून मोजायला हवे. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर बहुधा महिन्याला तीन ते पावणेचार टक्के व्याज लागते. वर्षाचा हिशेब केला तर हे प्रमाण ३६ ते ४५ टक्क्यांवर जाते आणि त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के वस्तू व सेवा कर भरावा लागतो. वर्षाला तीस टक्क्यांहून अधिक व्याज आकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. म्हणजे या दरांना आयोगाने घातलेली वेसणही उरलेली नाही.

कार्डाच्या देयकावर छापलेली ‘किमान देय रक्कम’ ही यातील सर्वांत फसवी ओळ. १ लाख २० हजारांच्या थकबाकीवर साडेतीन टक्के दराने महिन्याचे व्याज ४,२०० रुपये आणि त्यावरील कर ७५६ रुपये होतो. किमान रक्कम सहा हजार असेल तर ती भरूनही मुद्दल जेमतेम हजार रुपयांनी उतरते. या दरापेक्षा अधिक परतावा खात्रीने देणारी एकही गुंतवणूक बाजारात नाही. म्हणून एका हाताने कार्डाची किमान रक्कम भरणे आणि दुसऱ्या हाताने बचत योजनेत पैसे टाकणे, हा व्यवहार नुकसानीचाच ठरतो. शक्य असेल तेथे ही थकबाकी कमी दराच्या कर्जातून, उदाहरणार्थ कर्मचारी पतसंस्थेच्या, सोने तारणाच्या किंवा विमा पॉलिसीवरील कर्जातून एकरकमी फेडावी. त्यानंतर मात्र कार्डावरील नवी उधारी थांबवली पाहिजे. तसे झाले नाही तर जुने कर्ज नव्या नावाने कायम राहते आणि त्याच्या जोडीला कार्डाची थकबाकी पुन्हा वाढते.

वैयक्तिक कर्ज या दोन टोकांच्या मध्ये येते. त्याचा दर बारा-चौदा टक्के किंवा त्याहून अधिक असू शकतो आणि तो बहुधा स्थिर असतो. मुदतीपूर्वी ते फेडल्यास शुल्क लागते का, हे करारपत्रात पाहून मगच निर्णय घ्यावा. गृहकर्ज हे या तिघांत सर्वांत स्वस्त. शिवाय बदलत्या व्याजदराचे वैयक्तिक गृहकर्ज मुदतीपूर्वी फेडल्याबद्दल बँकांना दंड आकारता येत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच ही मनाई केली आहे.

हप्ता तोच, मुदत मात्र वाढलेली

गृहकर्जाबाबत खरी काळजी करायची ती मुदतीची. व्याजदर वाढले की बँका अनेकदा हप्ता तोच ठेवतात आणि मुदत वाढवतात. दरमहा खात्यातून जाणारी रक्कम बदलत नसल्याने ही वाढ कर्जदाराच्या लक्षातही येत नाही. मे २०२२ पर्यंत चार टक्क्यांवर असलेला रेपो दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा टक्क्यांवर गेला. त्याआधी थोडे दिवस पावणेसात टक्क्यांनी घेतलेल्या चाळीस लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता सुमारे ३०,४०० रुपये होता. दर अडीच टक्क्यांनी वाढून सव्वानऊवर गेल्यावर त्याच रकमेचे महिन्याचे व्याजच सुमारे ३०,८०० रुपये झाले. हप्ता जुनाच ठेवला असता तर मुद्दल फिटण्याऐवजी वाढत गेले असते आणि कर्ज कधीच संपले नसते.

या अनुभवानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना निर्देश दिले. व्याजदर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, की दोहोंची सांगड घालायची, हा पर्याय कर्जदाराला देणे आणि होणारा परिणाम त्याला कळवणे बंधनकारक झाले. ही निवड जाणीवपूर्वक करायला हवी. २०२५ मध्ये फेब्रुवारीपासून दरकपात सुरू झाली आणि जूनपर्यंत रेपो दर साडेपाच टक्क्यांवर आला. दर असे उतरतात तेव्हा हप्ता कमी करून घेण्याचा मोह टाळून तो पूर्वीइतकाच ठेवावा. खिशातून अधिकचा एक रुपयाही न जाता कर्जाची काही वर्षे आपोआप कमी होतात.

सध्या आपले कर्ज वयाच्या कितव्या वर्षी संपणार, हे बँकेच्या विवरणपत्रावरून प्रत्येकाने एकदा तपासून घ्यावे. अनेकांना तो आकडा निवृत्तीच्या वयापलीकडे गेलेला आढळेल.

एका कुटुंबाचा हिशेब

हे सारे आकड्यांत पाहण्यासाठी उपनगरातील एक काल्पनिक कुटुंब घ्यावे. कमावत्या व्यक्तीचे वय ४२ आणि निवृत्ती ५८ व्या वर्षी. हाती पडणारा पगार १ लाख १० हजार रुपये, घरखर्च ५० हजार. गृहकर्जाची शिल्लक चाळीस लाख, दर साडेआठ टक्के, उरलेली मुदत वीस वर्षे आणि हप्ता सुमारे ३४,७०० रुपये. वैयक्तिक कर्ज चार लाखांचे, दर चौदा टक्के, तीन वर्षे शिल्लक आणि हप्ता सुमारे १३,७०० रुपये. कार्डावर १ लाख २० हजार थकलेले. भविष्य निर्वाह निधीत नऊ लाख रुपये जमलेले. दोन्ही हप्ते आणि घरखर्च वजा जाता महिन्याला सुमारे ११,६०० रुपये उरतात. गृहकर्ज संपणार ते वयाच्या ६२ व्या वर्षी, म्हणजे शेवटच्या पगारानंतर चार वर्षांनी.

पहिला टप्पा कार्डाचा. उरणारे ११,६०० रुपये पूर्णपणे तेथे वळवले आणि नवी खरेदी थांबवली तर सुमारे चौदा महिन्यांत थकबाकी संपते. वार्षिक बोनस त्यात घातला तर त्याहून लवकर. दुसऱ्या टप्प्यात, वैयक्तिक कर्ज संपेपर्यंतच्या पावणेदोन वर्षांत, हीच रक्कम अडीअडचणीच्या निधीसाठी बाजूला काढावी. त्यातून अडीच लाखांच्या आसपास शिल्लक पडते. घरखर्च आणि गृहकर्जाचा हप्ता धरला तर ही जेमतेम तीन महिन्यांची सोय झाली. पण ती नसते तेव्हा पहिल्याच आजारपणात पुन्हा कार्डच बाहेर काढावे लागते.

तिसरा टप्पा वयाच्या ४५ व्या वर्षी सुरू होतो. वैयक्तिक कर्जाचा हप्ता मोकळा झाल्याने आता महिन्याला सुमारे २५ हजार रुपये हाताशी आहेत आणि गृहकर्ज सुमारे ३७ लाख ४० हजारांवर आले आहे. येथे कुटुंबापुढे दोन वाटा असतात.

पहिली वाट अशी : सगळे २५ हजार गृहकर्जात घालायचे. तसे केल्यास कर्ज सुमारे सात वर्षांत, ५२ व्या वर्षी संपते. त्यानंतर मोकळा झालेला जवळजवळ ६० हजारांचा संपूर्ण हप्ता निवृत्तीपर्यंत दरमहा आठ टक्क्यांनी गुंतवला तर सुमारे ५६ लाख रुपये जमतात.

दुसरी वाट अशी : गृहकर्जाचा हप्ता फक्त पाच हजारांनी वाढवायचा आणि उरलेले २० हजार लगेच निवृत्तीच्या बचतीत टाकायचे. पाच हजारांच्या या वाढीने कर्ज बरोबर ५८ व्या वर्षी संपते आणि मूळ वेळापत्रकाच्या तुलनेत सुमारे ८ लाख ९० हजार रुपये कमी भरावे लागतात. महिन्याच्या २० हजारांतून आठ टक्के दराने तेरा वर्षांत साडेचौपन्न लाखांच्या आसपास रक्कम उभी राहते.

छप्पन्न आणि साडेचौपन्न लाख, हा फरक अगदी थोडा आहे. कर्जाचा दर आणि बचतीवरील परतावा जवळपास सारखे असले की उत्तरेही जवळपास सारखीच येतात. त्यामुळे निर्णय आकड्यांवर होत नाही, तो जोखमीवर करावा लागतो. समजा, वयाच्या पन्नाशीत नोकरी गेली. पहिल्या वाटेने गेलेल्या कुटुंबाच्या कर्जात सुमारे १२ लाख ६६ हजार शिल्लक असतील आणि तिसऱ्या टप्प्यातील बचत शून्य असेल. दुसऱ्या वाटेच्या कुटुंबाचे कर्ज साडेसत्तावीस लाखांचे असेल, पण हाताशी सुमारे १४ लाख ७० हजार असतील. ही रक्कम सहज काढता येईल अशा योजनेत असेल तर तेवढ्यात सुमारे तीन वर्षांचे हप्ते भरता येतात. भिंतींत गेलेला पैसा अडचणीच्या वेळी बँक परत देत नाही. शिवाय पहिली वाट ५२ ते ५८ या वयात साठ हजारांची शिस्त अखंड पाळली जाईल, असे धरून चालते. मुलांची उच्च शिक्षणे आणि लग्ने नेमकी याच वर्षांत येतात.

म्हणून बहुसंख्य नोकरदारांना दुसरी वाट अधिक सुरक्षित ठरते. गृहकर्ज शेवटच्या पगाराबरोबर संपेल एवढाच हप्ता वाढवावा आणि उरलेले निवृत्तीकडे वळवावे. जिची निवृत्तीची पुंजी आधीच पुरेशी झाली आहे किंवा जिच्या कर्जाचा दर बचतीच्या परताव्याहून बराच अधिक आहे, अशा व्यक्तीने मात्र कर्ज लवकर फेडण्यात गैर काही नाही.

भविष्य निर्वाह निधीला हात लावावा का?

कर्जाचा जाच वाटू लागला की नजर भविष्य निर्वाह निधीकडे वळते. घरासाठी त्यातून रक्कम काढण्याची मुभाही आहे. या निधीवर २०२४-२५ या वर्षासाठी सव्वाआठ टक्के व्याज जाहीर झाले होते. तोच दर कायम राहील असे धरले तर वरील कुटुंबाचे नऊ लाख सोळा वर्षांत सुमारे ३२ लाख होतात. साडेआठ टक्क्यांचे गृहकर्ज फेडण्यासाठी हा पैसा काढला तर कागदावर पाव टक्क्याचा फायदा दिसतो. पण हप्त्यातून वाचलेली रक्कम पुढे तितक्याच काटेकोरपणे बचतीत गेली तरच तो फायदा टिकतो आणि व्यवहारात असे क्वचित घडते. या निधीला आणखी एक संरक्षण आहे : देणेकऱ्यांच्या वसुलीसाठी त्यावर टाच आणता येत नाही. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीलाही असेच संरक्षण आहे. सर्व काही बिघडले तरी उरणारा हा पैसा आपल्या हातानेच मोकळा करणे शहाणपणाचे नाही.

नोकरी बदलताना हा निधी काढून घेण्याची सवय तर त्याहून घातक. रक्कम त्या वेळी लहान वाटते, परंतु चक्रवाढीचा खरा लाभ शेवटच्या काही वर्षांतच दिसतो.

करसवलतीचा जुना युक्तिवाद

‘करात सवलत मिळते, मग गृहकर्ज फेडण्याची घाई कशाला?’ हा प्रश्न वर्षानुवर्षे ऐकू येतो. जुन्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील व्याजापोटी वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते. तीस टक्क्यांच्या टप्प्यातील करदात्याचे त्यातून उपकर धरून ६२,४०० रुपये वाचतात. मात्र चाळीस लाखांच्या वरील कर्जाचे पहिल्या वर्षाचे व्याजच ३ लाख ३७ हजारांच्या घरात जाते. साठ हजार वाचवण्यासाठी सव्वातीन लाखांहून अधिक घालवणे याला बचत म्हणता येत नाही. घर हवे म्हणून कर्ज घ्यावे, कर वाचतो म्हणून ते रेंगाळू देऊ नये.

२०२३-२४ पासून नवी करप्रणाली मूळ पर्याय म्हणून लागू आहे. तीत राहत्या घरावरील व्याजाची ही वजावट मिळत नाही आणि भविष्य निर्वाह निधी वा विम्याच्या हप्त्यावरील नेहमीची सवलतही नाही. २०२५-२६ पासून तीत बारा लाखांपर्यंतच्या पगारी उत्पन्नावर कर लागत नसल्याने असंख्य नोकरदार तिकडे वळले आहेत. याचा एक परिणाम नजरेआड होऊ नये. पूर्वी मार्च महिन्यात कर वाचवण्याच्या धावपळीत का होईना, थोडी बचत घडत असे. आता ती सक्ती उरलेली नाही. त्यामुळे निवृत्तीची रक्कम पगाराच्या दिवशीच खात्यातून आपोआप वळती होईल, अशी व्यवस्था करून ठेवणे अधिकच गरजेचे झाले आहे.

पुंजी पुरेल का?

वरील कुटुंबाचे मूळ वेतन ५० हजार धरले तर कर्मचारी आणि मालक यांच्या वाट्याचे मिळून सुमारे १०,७५० रुपये दरमहा भविष्य निर्वाह निधीत पडतात. सोळा वर्षांत त्यांचे ४२ लाखांहून थोडे अधिक होतील. आधीच्या शिल्लकीचे ३२ लाख आणि स्वतंत्र बचतीचे साडेचौपन्न लाख मिळवले तर बेरीज १ कोटी २९ लाखांच्या आसपास जाते. आकडा भारदस्त दिसतो. पण महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर आजचा ५० हजारांचा घरखर्च सोळा वर्षांनी १ लाख २७ हजारांवर जातो आणि त्या १ कोटी २९ लाखांची आजची किंमत उरते सुमारे ५१ लाख. निवृत्तीनंतरचे व्याज महागाईबरोबरच चालले, असे मानले तर ही पुंजी साडेआठ वर्षांत संपते. तेव्हा वय असेल ६६ ते ६७.

हे वास्तव नाउमेद करणारे असले तरी त्यावर उपाय आहे. पगार वाढेल तशी बचतही वाढवत नेली पाहिजे. तेच २० हजार दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढवले तर तेरा वर्षांनी साडेचौपन्न लाखांऐवजी ९२ लाखांच्या आसपास रक्कम जमते. मूळ वेतन वाढेल तसा भविष्य निर्वाह निधीही वाढतो. उलट, बचत लांबणीवर टाकण्याची किंमत जबर असते. ४२ व्या वर्षापासून दरमहा दहा हजार ठेवून ५८ व्या वर्षी आठ टक्क्यांनी जेवढे जमते, तेवढेच पन्नाशीत सुरुवात करून जमवायचे तर दरमहा सुमारे २९ हजार लागतात.

घर हीच पुंजी, ही समजूतही तपासून पाहावी. राहते घर खर्चासाठी थोडेथोडे विकता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांना राहत्या घरावर बँकेकडून नियमित रक्कम मिळवून देणाऱ्या प्रतिगामी गृहकर्जाची घोषणा २००७-०८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. तरी ही सोय आपल्याकडे फारशी रुजलेली नाही आणि त्यासाठीही घर आधीच्या कर्जातून मोकळे असावे लागते.

क्रम कसा लावावा?

सर्व विवेचनाचे सार असे. कोणत्याही कर्जाचा ठरलेला हप्ता चुकू देऊ नये. शिल्लक कर्जाइतका मुदत विमा आणि कुटुंबाचा आरोग्य विमा आधी घ्यावा, कारण कमावती व्यक्ती गेली तर बाकीचे सारे हिशेब व्यर्थ ठरतात. भविष्य निर्वाह निधीतील वर्गणी चालू ठेवून कार्डाची थकबाकी सर्वप्रथम संपवावी. मग अडीअडचणीचा निधी उभारावा आणि चौदा टक्क्यांसारख्या महाग दराची कर्जे मिटवावीत. त्यानंतर गृहकर्ज निवृत्तीपूर्वी संपेल इतका हप्ता वाढवून उरलेली रक्कम निवृत्तीसाठी ठेवावी. दरवर्षी पगारवाढीच्या महिन्यात गृहकर्जाची शेवटची तारीख आणि निवृत्तीची जमा हे दोन आकडे कागदावर मांडून पाहावेत.

घरासाठी कर्ज मिळते, मुलांच्या शिक्षणासाठीही मिळते. म्हातारपणाच्या रोजच्या खर्चासाठी मात्र कोणतीही बँक कर्ज देत नाही. तिन्ही कामांची ओढाताण होते तेव्हा निवृत्तीची बचत सर्वांत आधी थांबवली जाते, कारण तिचा तगादा लावायला कोणी दारात येत नाही. म्हणूनच तिलाही एक हप्ता मानावे आणि घराच्या हप्त्याइतक्याच नेमाने तो भरावा.